गडचिरोलीत एक कोटी झाडं लावणार. पण राखणार कोण?

२२ जुलै २०२५. ठिकाण गडचिरोली जिल्ह्यातलं कोनसरी. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस, जे या जिल्ह्याचे पालकमंत्रीही आहेत, ते पोलाद कारखान्याच्या भूमिपूजनाला आले होते. त्याच दौऱ्यात आणखी एक घोषणा झाली, ती म्हणजे जिल्ह्यात एक कोटी झाडं लावायची. त्यातली ४० लाख याच वर्षी, आणि रोपं आंध्र प्रदेशातल्या राजमुंद्रीहून.

याच्या काही आठवडे आधी दुसरी एक बातमी आली होती. एटापल्ली तालुक्यात लोहखनिजावर प्रक्रिया करणाऱ्या प्रकल्पासाठी ९०० हेक्टरांहून जास्त वनजमीन द्यायला केंद्राची तत्त्वतः मंजुरी मिळाली. त्यासाठी साधारण सव्वा लाख झाडं तोडावी लागणार आहेत.

दोन्ही बातम्या सोशल मीडियावर एकमेकींना चिकटून फिरल्या. एकीकडून "जंगल वाचवा", दुसरीकडून "अहो, सव्वा लाख तोडून एक कोटी लावतायत, म्हणजे एकाच्या बदल्यात ऐंशी! मग अडचण काय?"

हा दुसरा प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. हिशोब कागदावर अगदी बरोबर आहे. फक्त जंगल मोजायचं हे माप बरोबर आहे का, ते बघायला हवं. आणि त्यासाठी चंद्रपूर-गडचिरोलीइतकी चांगली जागा देशात क्वचितच सापडेल, कारण जंगल तोडण्याचे, लावण्याचे आणि राखण्याचे जवळपास सगळे प्रयोग या दोन जिल्ह्यांत होऊन गेलेत.

आधी जमिनीचं गणित

वनखात्यात रोपवनाचं नेहमीचं अंतर तीन बाय तीन मीटर. म्हणजे हेक्टरी साधारण १,१०० रोपं. एक कोटी रोपं लावायला या हिशोबाने ९,००० हेक्टर जमीन लागेल.

गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. त्यातला दोन तृतीयांशाहून जास्त भाग आधीच जंगल आहे. उरलेल्यात धानाची शेती, गावं, नद्या, तलाव. मग ९,००० हेक्टर मोकळी जागा आणायची कुठून? रस्त्याच्या कडेला, शाळांच्या आवारात, शेताच्या बांधावर काही लागतील. ती जरूर लावावीत, सावलीला कुणाचा विरोध असणार? पण मोठा आकडा गाठायचा तर शेवटी नजर जाते विरळ जंगलाकडे आणि झुडपी माळाकडे. कागदावर अशा जमिनीला 'अवनत' म्हणतात. म्हणजे खालावलेली.

खरी गोष्ट इथून सुरू होते, कारण ही जमीन दिसते तेवढी रिकामी नसते.

विदर्भातलं जंगल हे कोरडं पानझडी जंगल आहे. साग, ऐन, बीजा, धावडा, मोह, तेंदू, पळस, चार आणि बांबू. उन्हाळ्यात ते वाळून गेल्यासारखं दिसतं. या जंगलातल्या बऱ्याच झाडांची एक सवय आहे. रोप पावसाळ्यात वर येतं, उन्हाळ्यात वरचा भाग मरतो किंवा आगीत जळतो, पण मूळ जिवंत राहतं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा फुटवा, पुन्हा मरण. अशी कित्येक वर्षं जातात आणि मूळ जमिनीखाली जाड होत राहतं. मग कधीतरी दोन-तीन वर्षं आग लागली नाही, गुरांचं तोंड लागलं नाही, की ते झाड एकदम माणसाच्या डोक्यावर जातं. तोडलेल्या सागाच्या बुंध्यातून किंवा पळसाच्या मुळांतून येणारे फुटवे तर गावातल्या प्रत्येकाने पाहिलेले असतात.

म्हणून गावाजवळच्या ज्या उजाड टेकडीवर आपल्याला खुरट्या झुडपांशिवाय काही दिसत नाही, तिथे खाली मुळांचं अख्खं जंगल दबा धरून बसलेलं असू शकतं. त्याला आणखी रोप नको असतं. त्याला हवी असतात आगीशिवायची काही वर्षं.

आता त्याच टेकडीवर जेसीबीने खड्डे खणले, उरलीसुरली झुडपं 'साफसफाई'त काढली आणि पिशवीतली रोपं लावली, तर काय होतं? रोपाला पावसाचे तीन-साडेतीन महिने मिळतात. नंतर सात-आठ महिने कोरडे. मे महिन्यात चंद्रपूर, ब्रह्मपुरीचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. ब्रह्मपुरीचं नाव देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांच्या यादीत दरवर्षी वाचायची आपल्याला सवय झाली आहे. नर्सरीत रोज पाणी प्यायलेल्या रोपासाठी हा पहिला उन्हाळा म्हणजे परीक्षाच. पावसात मोठा खंड पडला, तर ती परीक्षा ऑगस्टमध्येच सुरू होते. हवामान बदलातून उन्हाळे आणखी तापणार आणि पाऊस कमी दिवसांत जास्त कोसळणार, हे आता नवीन राहिलेलं नाही. म्हणजे खोल मुळाचं झाड आणि पिशवीतलं रोप यांतला फरक पुढच्या काळात वाढतच जाणार.

आकड्यात जंगल, जमिनीवर मळा

महाराष्ट्राला वृक्षलागवडीचे मोठे आकडे नवे नाहीत. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी अशी राज्याची उद्दिष्टं होती. तेव्हाचे वनमंत्री सुधीर मुनगंटीवार चंद्रपूरचेच. पुढे सरकार बदललं आणि त्यातली किती झाडं जगली यावर विधिमंडळात वाद झाला, चौकशीची समितीही नेमली गेली. वाद राजकीय होता, पण प्रश्न साधा होता. लावलेली झाडं सगळे मोजतात, जगलेली कोण मोजतं?

मोजण्याची आणखी एक गंमत आहे. आपल्या देशाचा वनाच्छादनाचा अहवाल उपग्रहाच्या चित्रांवरून बनतो. एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जागेवर झाडांच्या पानांचं छत्र १० टक्के किंवा जास्त असेल, तर ते वनाच्छादन. झाड कुठलं, जमीन कुणाची, याच्याशी या व्याख्येला देणंघेणं नाही. शंभर प्रकारच्या वनस्पतींचं जुनं जंगल आणि ओळीत लावलेला सागाचा मळा, दोघांची नोंद एकाच रकान्यात.

या रकान्याचा इतिहास इथल्या लोकांना चांगला माहीत आहे. १९७४ साली राज्याचं वनविकास महामंडळ स्थापन झालं. मिश्र जंगल तोडायचं आणि त्या जागी जास्त किमतीचा साग लावायचा, हा त्याच्या कामाचा मोठा भाग राहिला. साग उत्तम आला, यात वाद नाही. इथलं सागवान देशभर नावाजलेलं आहे. अयोध्येच्या राम मंदिरासाठी २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान पाठवलं गेलं. पण मोह, चार, तेंदू, बांबू यांच्यावर ज्यांचं वर्ष निघतं त्यांच्यासाठी नुसत्या सागाच्या रोपवनात वेचण्यासारखं फार काही उरत नाही. गुरांनाही नाही, हरणांनाही नाही. सागाच्या मोठ्या पानांवरून पडणारे पाण्याचे जाड थेंब खालची उघडी माती उडवतात, ते वेगळंच.

तुलना करायची असेल तर आलापल्लीला जा. तिथे 'वनवैभव' नावाचा सहाच हेक्टरांचा एक तुकडा १९५३ पासून जसाच्या तसा राखलेला आहे. २०१४ मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, राज्यातला पहिला. सहा हेक्टर म्हणजे पंधरा एकरही नाही. राखायला सत्तर वर्षं लागली.

झुडपी म्हणजे फालतू?

या सगळ्यात सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला, आणि पूर्व विदर्भाबाहेर त्याची म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत महसुली कागदांवर 'झुडपी जंगल' नावाची जमीन आहे. नावातच सगळं आलं. खुरटी झाडं, गवत, गुरं चारायची जागा. एकूण ८६ हजार हेक्टरांहून जास्त. ही जमीन जंगल धरायची की नाही, यावर चार दशकं घोळ चालू होता. धरली तर गावातली शाळा, स्मशान, घरंसुद्धा बेकायदा ठरतात. नाही धरली तर ती बिल्डर आणि प्रकल्पांच्या ताब्यात जायला वेळ लागत नाही.

२२ मे २०२५ ला न्यायालयाने सांगितलं, झुडपी जंगल हे वनच आहे. १२ डिसेंबर १९९६ पूर्वी झालेली वाटपं नियमित करायला रस्ता ठेवला. आणि एक अट घातली, तीच आपल्या विषयाची. पर्यायी वनीकरणासाठी, म्हणजे एका ठिकाणी तोडलेल्या जंगलाची भरपाई म्हणून झाडं लावण्यासाठी, झुडपी जंगलाची जमीन वापरायची नाही. बिगरवन जमीन उपलब्धच नाही असं राज्याच्या मुख्य सचिवांनी प्रमाणपत्र दिलं, तरच अपवाद.

अट का महत्त्वाची? कारण पर्यायी वनीकरणाचा मूळ विचार असा होता की जंगल गेलं तर दुसरीकडे जंगल नसलेल्या जागी नवं उभं राहावं. वनजमीन देऊन त्याची भरपाई वनजमिनीवरच केली, तर एकूण जंगल वाढलं कुठे? एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात घातले आणि पगार वाढला म्हटल्यासारखं झालं ते.

आता ते प्रमाणपत्र किती सहज दिलं जातं, यावर पुढचं बरंच काही अवलंबून आहे.

मेंढा-लेखाने झाडं लावली नाहीत, मग केलं काय?

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) हे गोंड आदिवासींचं छोटं गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेलच. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही नावंही. घोषणेमागची मेहनत मात्र कमी सांगितली जाते.

सत्तर-ऐंशीच्या दशकात गोदावरी-इंद्रावतीच्या खोऱ्यात इचमपल्ली आणि भोपालपट्टणमच्या धरणांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं. धरणं थांबली. मेंढ्यातल्या लोकांना मग प्रश्न पडला, की जंगल वाचलं खरं, पण आपण ते सांभाळतो कसं? त्या काळी गडचिरोलीतला बांबू दीर्घ मुदतीच्या कराराने कागद कारखान्याला जात होता आणि गावकऱ्याला स्वतःच्या घराच्या कुडासाठी काडी आणली तर दंड होता. गावाने गस्त सुरू केली. कुणाला किती लाकूड लागतं ते ग्रामसभेत ठरू लागलं. निर्णय बहुमताने नाही, सर्वांच्या सहमतीने. एकाचा जरी विरोध असला तरी थांबायचं. यात वेळ भयंकर जातो. पण सगळ्यांनी मिळून ठरवलेला नियम मोडायला माणूस दोनदा विचार करतो, हेही खरं.

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम लागू झाले २००८ च्या सुरुवातीला. या कायद्यात गावाला सामूहिक वनहक्क मिळू शकतो, म्हणजे परंपरेने वापरात असलेलं जंगल राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा आणि त्याचं व्यवस्थापन करण्याचा हक्क. जमिनीची मालकी मिळत नाही, ती विकता येत नाही. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. देशात अशी गावं तेव्हा बोटावर मोजण्याइतकी.

हक्क मिळाला, बांबू विकता येईना. वनखातं म्हणे, १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' आहे. गाव म्हणे, २००६ च्या कायद्यात तो 'गौण वनउपज' आहे, आमचा आहे. वाहतूक परवान्यावाचून एक काडी बाहेर नेता येत नव्हती. शेवटी २७ एप्रिल २०११ ला तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश मेंढ्यात आले, मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते, आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं गेलं. त्यानंतर थोड्याच काळात गावाची बांबूची उलाढाल कोटीच्या घरात गेली.

बांबू तोडून जंगल कसं वाचेल, असं वाटणं साहजिक आहे. पण बांबूची रांजी ही कापल्याने सुधारते, कापणारा शहाणा असेल तर. जुन्या काड्या काढायच्या, कोवळ्या राखायच्या, वास्ते म्हणजे नवे कोंब सगळेच भाजीला न्यायचे नाहीत, कापणी जमिनीजवळच्या पेरावर करायची आणि त्या भागाला पुढची काही वर्षं विश्रांती द्यायची. जुन्या काड्या तशाच ठेवल्या तर रांजी गुंततं, नवे कोंब बाहेर यायला जागा राहत नाही. ठेकेदाराच्या मजुराला टनावर पैसे मिळतात, तो हाताला लागेल ते कापतो. ज्याला चार वर्षांनी त्याच रांजीकडे परत यायचं आहे तो तसं करत नाही. मला वाटतं, जंगल पुन्हा उभं राहण्याचं सगळं शास्त्र या एका फरकात आहे.

आज गडचिरोलीत तेराशेहून अधिक गावांकडे सामूहिक वनहक्क आहेत, क्षेत्र चार लाख हेक्टरांच्या पुढे. देशात दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात इतकं काम झाल्याचं सहज सापडणार नाही. एक कोटी झाडांना लागणारे ९,००० हेक्टर या आकड्याशेजारी ठेवून बघा.

सगळं गोड नाही

आता दुसरी बाजू. या चार लाख हेक्टरांवर सगळीकडे मेंढा नाही.

बऱ्याच ग्रामसभांचं उत्पन्न तेंदूपानावर उभं आहे. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवसांचा हंगाम, हातात रोख पैसा. २०१३ पासून काही गावांनी आणि नंतर मोठ्या संख्येने ग्रामसभांनी स्वतः लिलाव करायला सुरुवात केली. चांगल्या वर्षी भाव फार वर गेले, पडले तेव्हा कित्येक ग्रामसभांचे पैसे ठेकेदारांकडे अडकले. त्यात कोवळी पानं भरपूर यावीत म्हणून झुडपं छाटतात, त्याला खुटकटाई म्हणतात. ती मेहनत टाळायची तर सोपा उपाय आग. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणूनही झाडाखालचा पाला पेटवतात. एक काडी, आणि मुळातून वर येऊ पाहणारी सगळी रोपं पुन्हा शून्यावर.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने यावर जो निर्णय घेतला तो ऐकून ठेकेदार चक्रावले असतील. या गावाला २०१२ मध्ये सुमारे एक हजार हेक्टरांवर सामूहिक हक्क मिळाला. आणि गावाने ठरवलं, तेंदूपान तोडायचं नाही. पैसा येतो हे मान्य, पण छाटणी आणि आग यांनी जंगल जातं, तेंदूची फळं माणसांना आणि प्राण्यांनाही मिळत नाहीत. उत्पन्न बांबूवर घ्यायचं. जंगलाचा एक भाग देवराईसारखा पूर्ण राखून ठेवायचा. ज्येष्ठ पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी या गावाबद्दल अनेकदा लिहिलं. कामासाठी बाहेर जाणारी माणसं गावात राहू लागली.

प्रत्येक गावाला हे जमेल? नाही. ज्यांच्या वाट्याला बांबू नाही, त्यांना तेंदू सोडा म्हणून सांगणं सोपं आहे, ऐकणं अवघड. अशा गावांना आग टाळून खुटकटाईची मजुरी कुणी दिली तर जंगल वाचेल; रोप लावण्याच्या मजुरीपेक्षा हा खर्च जास्त नसावा.

आणि वाघ. राखलेल्या जंगलात वाघ येतो, हे ताडोब्याच्या भोवतालच्या गावांना कुणी शिकवायला नको. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. जंगल वाढवा असं म्हणणाऱ्या आपण शहरातल्या लोकांनी ही किंमत कुणाच्या घरात जाते ते पाहिलं पाहिजे. पहाटे एकटं न जाता गटाने जाणं, वाघ दिसलेल्या भागात त्या आठवड्यात तोडणी बंद ठेवणं आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई, एवढं तरी हंगामाच्या आधी ठरायला हवं.

पाण्याचा संबंध काय?

इथला शेतकरी धान पिकवतो. त्याचं पाणी येतं मालगुजारी काळातल्या तलावांतून आणि शेतातल्या बोड्यांतून. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत आणि त्यांतल्या अनेकांचं पाणलोट क्षेत्र जंगलात आहे. वर पालापाचोळा, गवत, झुडूप असेल तर पाऊस मुरत मुरत खाली येतो. जमीन उघडी असेल तर मातीसकट येतो, तलाव गाळाने भरतो. मग एका मोठ्या पावसात पूर आणि सप्टेंबरमध्ये खंड पडला की धान वाळतं, दोन्ही एकाच वर्षात. तलावातला गाळ काढायची योजना वेगळ्या खात्याची, वरचं जंगल वेगळ्या खात्याचं. दोघांचा आराखडा एकाच टेबलावर आलेला क्वचितच दिसतो.

मग पैसा कुठे जायला हवा?

जंगल तोडण्याच्या बदल्यात कंपन्या आणि प्रकल्प जी रक्कम भरतात ती कॅम्पा निधीत जमा होते. त्यासाठी २०१६ चा कायदा आणि २०१८ चे नियम आहेत. पैसा जवळपास सगळा वनखात्यामार्फत खर्च होतो. नियमांत गावाशी सल्लामसलत करा असं म्हटलंय, पण ती ग्रामसभेशी 'किंवा' वन संरक्षण समितीशी. आता या समित्या बहुतेक ठिकाणी वनखात्याच्याच पुढाकाराने झालेल्या. त्यामुळे सामूहिक हक्क असलेल्या जंगलातही ग्रामसभेला बगल देऊन खड्डे खणले जाऊ शकतात, आणि तशा तक्रारी गावांकडून येत असतात.

केंद्रही थोडं शिकलं आहे असं म्हणायला जागा आहे. २०२३ मध्ये सुरू झालेल्या ग्रीन क्रेडिट योजनेत आधी हेक्टरी किमान १,१०० रोपांची अट होती आणि दोनच वर्षांनी क्रेडिट मिळणार होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये ते बदललं. आता पाच वर्षं थांबायचं आणि जमिनीवर किमान ४० टक्के छत्र दाखवायचं. म्हणजे लावलेलं नाही, जगलेलं मोजायचं. गडचिरोलीच्या एक कोटी झाडांनाही हेच माप लावलं तर मोहिमेचा खरा निकाल २०३० च्या आधी लागणार नाही.

तोवर ग्रामसभांकडून विचारता येण्यासारखे प्रश्न अगदी रोजचे आहेत. आमच्या हद्दीत रोपं लावणार असाल तर ठराव घेतला का? प्रजाती कोण ठरवणार, राजमुंद्रीची नर्सरी की आम्ही? मोह, चार, बीजा, ऐन यांचं बी आम्ही गोळा करून दिलं तर घ्याल का? तिथे आधीच मुळं जिवंत असतील, तर खड्ड्यांचे पैसे जाळरेषा काढायला आणि फेब्रुवारी ते मे राखणदारांच्या मजुरीला देता येतील का? कागदावर यातल्या बहुतेक गोष्टींना बंदी नाही. अंदाजपत्रकात मात्र 'रोप' नावाचा रकाना असतो, 'राखण' नावाचा रकाना असला तरी तो फार लहान असतो. पुढच्या फेब्रुवारीत खुटकटाई सुरू होईल, तेव्हा पहिली आग कुठे लागते आणि ती विझवायला कोण धावतं, हे बघायला हवं.